पॅकहाऊस भरती २०२५ : जाहिरातीच्या कामाच्या नोंदी

काम : केळी पॅकहाऊस आणि शीतगृहासाठी दोन पदं – रेफ्रिजरेशन टेक्निशियन, ग्रेडिंग सुपरवायझर
ठिकाण : सावदा–रावेर रस्ता, जि. जळगाव
मुदत : आखाजीच्या (अक्षय्य तृतीया, ३० एप्रिल) आधी जाहिरात लोकांपर्यंत पोचलेली असावी
नोंदी : कार्यालय व्यवस्थापक

२ एप्रिल

आप्पा जूनअखेर काम सोडून सुरतला मुलाकडे जाणार, हे आज पक्कं झालं. शीतगृहाचा प्लॅन्ट इतकी वर्षं त्यांच्याच हातावर चालला. त्यांच्या जागी माणूस हवा, आणि ग्रेडिंगच्या लाइनीवर सुपरवायझरही हवा. नाना (आमचे अध्यक्ष) म्हणाले, गेल्या वेळची जाहिरात पुन्हा टाका.

ती फाइलमधून काढली. मजकूर असा : "पाहिजेत. नामांकित कंपनीत अनुभवी टेक्निशियन. आकर्षक पगार. होतकरू, मेहनती उमेदवारांनी त्वरित संपर्क साधावा." खाली एक मोबाइल नंबर. कंपनीचं नाव नाही, गाव नाही, मशीन कुठलं ते नाही.

सोबत तेव्हाची फोनवही पाहिली. बहुतेक फोनांत दोनच प्रश्न, कंपनी कुठली आणि पगार किती, आणि पुढे काही नाही. ज्याला काम नीट येतं तो आज कुठे ना कुठे कामावर आहेच. तो चालू नोकरी सोडायचा विचार अनोळखी नंबरला विचारून करत नाही. नोकरी लावून देतो म्हणत 'रजिस्ट्रेशन फी' उकळणाऱ्यांचाही सुळसुळाट आहे, त्यामुळे नाव-पत्ता नसलेल्या जाहिरातीकडे शहाणा माणूस संशयानेच पाहतो. अशा जाहिरातीला फोन करणारे बहुतेक जण सगळ्याच जाहिरातींना फोन करणारे असतात.

ठरलं : मजकूर मुळापासून नवा लिहायचा. डोळ्यासमोर एकच माणूस ठेवायचा. आज वापीत, चाकणला किंवा वाळूजला भाड्याच्या खोलीत राहून काम करणारा, हातात कसब असलेला, आणि गावाकडे तेवढंच चांगलं काम मिळालं तर परत यायला तयार असलेला.

५ एप्रिल

आज दिवसभर आप्पांसोबत प्लॅन्टरूममध्ये. नेमकं काम काय आहे हे कागदावर आल्याशिवाय जाहिरातीचं एक वाक्यही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ते बरंच झालं. 'प्लॅन्ट सांभाळणे' या दोन शब्दांत काय काय बसतं ते कार्यालयात बसून कळत नाही.

केळीचं गणित फार नाजूक आहे. बागेतून घड येतो तेव्हा गराचं तापमान उन्हाळ्यात तीस अंशांच्या वर असतं. फण्या सुट्या करून, चीक धुऊन, निवडून, १३ किलोच्या बॉक्समध्ये भरल्या की प्री-कूलिंगला ते १३-१४ अंशांवर आणायचं आणि कंटेनरचं दार लागेपर्यंत तिथेच धरायचं. वर राहिलं तर माल वाटेतच पिकायला लागतो. तेराच्या बरंच खाली गेलं तर सालीखाली तपकिरी रेषा उमटतात आणि ती केळी पुढे पिवळीधमक न होता राखाडी, मळकट पिकतात. ही इजा आज दिसत नाही, पंधरा-वीस दिवसांनी गिऱ्हाइकाच्या गोदामात दिसते. म्हणजे चूक इथे होते आणि तक्रार समुद्रापलीकडून येते.

आमचा प्लॅन्ट अमोनियाचा, म्हणजे थंडावा अमोनिया वायूवर तयार होतो. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा कंडेन्सरवर (वायूची उष्णता बाहेर टाकणारा भाग) सगळा ताण येतो आणि डिस्चार्ज प्रेशर, म्हणजे कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या वायूचा दाब, चढायला लागतं. आप्पा दर तासाला आकडे लिहितात, पण आकडा लिहिण्याआधी गेजसमोर थांबून मागच्या तीन-चार ओळी वाचतात. मी कारण विचारलं. म्हणाले, "अलार्म वाजल्यावर तर कोनीबी पयते. अलार्माच्या आधी दोन तास ज्याले समजते, तो मानूस पाहा."

हे वाक्य मी जसंच्या तसं उतरवून घेतलं. जाहिरातीत 'अनुभवी' लिहून जे सांगता येत नाही ते यात आहे.

बाकीची यादी : कंप्रेसरचं तेल पाहणं, अमोनियासोबत वाहत आलेलं तेल काढणं, कॉइलवरचा बर्फ उतरवणं, पर्जिंग (सिस्टिममध्ये शिरलेली हवा बाहेर काढणं), पाण्याचा क्षार, गळती शोधण्यासाठी गंधकाची कांडी (अमोनिया असेल तर पांढरा धूर दिसतो), वीज गेली की जनरेटर चालू करून प्लॅन्ट क्रमाने पुन्हा उभा करणं, मास्क आणि पाण्याच्या शॉवरची तपासणी, दोन हेल्परांना शिकवणं. तांब्या-पितळेचा भाग अमोनियाच्या लाइनीत चालत नाही, अमोनिया तो खातो; हे हेल्परला पहिल्या दिवशी सांगावं लागतं.

ग्रेडिंगची यादी वेगळी केली. तिथल्या बायकांनीच सांगितली, तेव्हा लवकर झाली.

८ एप्रिल

पगार छापायचा की नाही, यावर आज नानांशी आणि पॅकहाऊस सांभाळणाऱ्या भाऊंशी बैठक. दुपारचं जेवण होऊनही संपली नाही.

नानांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. "ताई, पगार छापला म्हंजे उद्या आपलेच जुने पोरं माह्या दारात उभे राहतीन." दुसरी काळजी, शेजारचे व्यापारी आकडा पाहून आमची माणसं ओढतील. तिसरी, घासाघीस करायला जागा उरणार नाही.

मी दोन गोष्टी मांडल्या. पहिली : आपल्याकडची सगळ्यात तयारीची पोरं आज अभ्यासिकेत बसून तलाठी आणि पोलीस भरतीच्या जाहिराती पाठ करतात. २०२३ च्या तलाठी भरतीत वेतनश्रेणी २५,५०० ते ८१,१०० अशी सरळ छापलेली होती. जागा किती, पात्रता काय, परीक्षा कशी, शेवटची तारीख कोणती, सगळं होतं. त्या पोरांना जाहिरात म्हणजे काय हे सरकारी जाहिरातीने शिकवलंय. त्यांच्या हातात आमचं 'आकर्षक पगार' पडलं की ती काय समजतात? पगार सांगण्याजोगा नाही, एवढंच. दुसरी : जुनी पोरं दारात उभी राहणार असतील तर त्याचा अर्थ त्यांचा पगार आधीच मागे पडलाय. तो प्रश्न जाहिरातीने निर्माण होत नाही, फक्त उघडा पडतो. नवा माणूस आल्यावर आठ दिवसांत तो पगार सगळ्यांना कळतोच, आणि तसा कळणं जास्त वाईट.

शेवटी ठरलं : जाहिरात निघण्याआधी दोन्ही हेल्परांचा पगार तपासायचा आणि फरक असेल तो याच महिन्यापासून दुरुस्त करायचा. त्यानंतरच आकडा छापायचा. हे माझ्या दृष्टीने आजचं सगळ्यात मोठं काम.

आकडा छापायचा तर 'हातात किती' हेही छापायचं. परगावी राहणारा माणूस खोलीभाडं, खानावळ आणि घरी पाठवायचे पैसे यांच्या हिशेबात विचार करतो, त्याला एकूण पगाराचा आकडा अर्धवट वाटतो. टेक्निशियनची सुरुवात २४,००० : मूळ १५,०००, भत्ते ९,०००. भविष्य निर्वाह निधी मूळच्या १२ टक्के म्हणजे १,८००, व्यवसाय कर २००, हातात २२,०००. (फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० होतो.) अनुभव पाहून पगार ३०,००० पर्यंत.

इथे एक अडचण निघाली. ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) पगारमर्यादा २१,००० आहे. टेक्निशियन तिच्या वर जातो, म्हणजे त्याला ईएसआयचा दवाखाना नाही. अमोनियाजवळ काम करणाऱ्याला वैद्यकीय संरक्षण नाही असं चालणार नाही. नानांनी गट विमा पॉलिसी घ्यायला होकार दिला, नवरा-बायको आणि मुलांसह. जाहिरातीत हे पगाराच्या लगेच खाली येणार.

सुपरवायझर १८,००० : मूळ १५,०००, भत्ते ३,०००. निधीचे १,८००, ईएसआय पाऊण टक्का म्हणजे १३५. महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, तेव्हा बाईच्या हातात १६,०६५ आणि पुरुषाच्या हातात १५,८६५.

११ एप्रिल

अटींवर काम. जुन्या मसुद्यातल्या अटी आणि भाऊंनी पाठवलेल्या अटी समोर ठेवून प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला : ही नसलेला पण काम उत्तम येणारा माणूस आला तर त्याला परत पाठवू का?

'वय ३५ च्या आत' – काढलं. आप्पांना ती अट लावली असती तर आमचा प्लॅन्टच उभा राहिला नसता.

'किमान ५ वर्षे अनुभव' – काढलं. पाच वर्षं नुसतं बटण दाबणारा आणि दोन वर्षांत दोन ओव्हरहॉल केलेला यांत मला दुसरा हवाय. त्याऐवजी : "अमोनिया किंवा फ्रिऑनचा मोठा प्लॅन्ट स्वतःच्या जबाबदारीवर एक पूर्ण उन्हाळा चालवलेला असावा." आपल्या भागात उन्हाळा हेच अनुभवाचं खरं माप आहे.

'आयटीआय आवश्यक' – यावर वाद झाला. मेकॅनिक रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, त्यातून आलेल्याचा पाया पक्का असतो हे मला मान्य. पण बर्फाच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागून तयार झालेली माणसंही आहेत, खुद्द आप्पा त्यातलेच. लिहिलं : "आयटीआय असेल तर चांगलं, नसेल तर काम दाखवा."

'इंग्रजी आवश्यक' – काढलं. लॉगबुक मराठीत आहे. लागतं एवढंच की मॅन्युअलमधले आकडे, एककं आणि धोक्याच्या खुणा वाचता याव्यात. तेच लिहिलं.

सुपरवायझरसाठी भाऊंनी 'पदवीधर मुले' लिहिलं होतं. ग्रेडिंगच्या टेबलावर जवळजवळ सगळ्या बायका आहेत आणि सुपरवायझर मात्र मुलगाच, हे मला पहिल्यापासून खटकतंय. समान वेतन कायदा १९७६ पासून आहे, आणि भरती करतानाही बाई-पुरुष भेद करता येत नाही असं त्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट आहे. २०११ साली गॉशर, फ्रीसन आणि के या संशोधकांनी दाखवलं होतं की जाहिरातीची भाषा नुसती पुरुषी वळणाची असली तरी स्त्रियांना ती नोकरी कमी आपलीशी वाटते. आपल्याकडे तर सरळ 'मुले पाहिजेत' लिहितात. पदवीचीही गरज दिसेना. लागतं काय? फणीवरचा डाग कशाचा ते ओळखणं, चीक नीट धुतलाय का ते पाहणं, वजन आणि बॉक्सचा हिशेब, आणि पंधरा-वीस जणींकडून आवाज न चढवता काम करून घेणं. दहावी आणि हिशेब पुरे. दिवसपाळी.

१५ एप्रिल

टेक्निशियनच्या जाहिरातीचा मसुदा तयार. पूर्ण इथे उतरवते, म्हणजे पुढे काय बदललं ते कळेल.

*रेफ्रिजरेशन टेक्निशियन : १ जागा. केळी पॅकहाऊस, सावदा–रावेर रस्ता. पगार २४,००० ते ३०,००० (२४,००० वर हातात २२,०००).*

*आमच्या सभासद शेतकऱ्यांची केळी इथे निवडून, बॉक्समध्ये भरून परदेशी जातात. बॉक्स कंटेनरमध्ये चढेपर्यंत केळी १३ ते १४ अंशांवर राहिली पाहिजेत. ते तुमच्या हातात असेल.*

*रोजचं काम : अमोनिया प्लॅन्ट चालवणं आणि दर तासाला नोंद ठेवणं, तेल, डिफ्रॉस्ट, पर्जिंग, छोटी दुरुस्ती. वीज गेली की जनरेटरवर प्लॅन्ट उभा करणं. दोन हेल्पर तुमच्या हाताखाली असतील, त्यांना शिकवणंही तुमचंच काम.*

*आधीच सांगून ठेवतो : मे महिन्यात प्लॅन्टरूम फार तापते. महिन्यातून एक आठवडा रात्रपाळी असते. हंगामात कंटेनर भरायचा असेल तर थांबावं लागतं. अमोनियाचं काम आहे, मास्क आणि शिस्त याला पर्याय नाही.*

*आमच्याकडून : भविष्य निर्वाह निधी, कुटुंबासह वैद्यकीय विमा, आठवड्याची सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर. पहिला महिना सध्याच्या टेक्निशियनसोबत.*

*काय यायला हवं : मोठा प्लॅन्ट स्वतःच्या जबाबदारीवर एक पूर्ण उन्हाळा चालवलेला असावा. गेज वाचून अलार्मच्या आधी बिघाड ओळखता यावा. मॅन्युअलमधले आकडे आणि धोक्याच्या खुणा वाचता याव्यात. आयटीआय असेल तर चांगलं. नसेल तर काम दाखवा.*

*अर्ज : नाव, गाव, सध्या कुठल्या प्लॅन्टवर काम करता, आणि तुम्ही दुरुस्त केलेला एक बिघाड चार ओळींत. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा किंवा बोलून पाठवा. प्रत्येकाला उत्तर मिळेल. तुमच्या सध्याच्या मालकाला आम्ही फोन करणार नाही. कुठलंही शुल्क नाही. शेवटची तारीख ५ मे.*

खाली कंपनीचं पूर्ण नाव, पत्ता, कार्यालयाचा फोन.

जादा कामाच्या दुप्पट दराबद्दल भाऊ कुरकुरले. शीतगृहात माल ठेवणं हीसुद्धा कारखाना कायद्यातली 'उत्पादन प्रक्रिया' आहे, आणि ठरलेल्या तासांवरच्या कामाला दुप्पट दर हा १९४८ पासूनचा नियम आहे. आम्ही तो देतोच. जे देतोच ते सांगायचं का नाही?

'सध्याच्या मालकाला फोन करणार नाही' हे वाक्य आप्पांनी सुचवलं. कामावर असलेल्या माणसाची सगळ्यात मोठी भीती तीच, आणि ती माझ्या यादीत कुठेच नव्हती.

१७ एप्रिल

मसुदा आप्पांच्या घरी वाचून दाखवला. आप्पांपेक्षा त्यांच्या सुनेचे प्रश्न कामाचे निघाले. सुरतहून आखाजीसाठी माहेरी आलीये, मध्ये इथे थांबलीये. सुट्टी कुठल्या वारी? रात्रपाळी सुटल्यावर घरी कसं जायचं, पहाटे एसटी असते का? राहायला खोली मिळते का, शाळा किती लांब?

नोकरीची जाहिरात पुरुष वाचतो आणि निर्णय घरात होतो, आपल्याकडे तरी. म्हणून भर घातली : सुट्टी रविवारी, हंगामात आळीपाळीने, रात्रपाळीला कंपनीची गाडी, सावद्यात खोली शोधायला मदत. शाळेचं जाहिरातीत घातलं नाही, फोनवर सांगायच्या मुद्द्यांत लिहिलं.

१८ एप्रिल

नानांनी मसुद्यावर पेन्सिलने एकच रेघ मारलीये, 'आधीच सांगून ठेवतो' या परिच्छेदावर. "गिऱ्हाइकाले आपन आपल्या मालातले डाग दाखोतो का?"

मी म्हटलं, नाना, डाग झाकून भरलेला बॉक्स परत येतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जळगावला विद्यापीठात एमबीए करताना यावरचा एक जुना प्रयोग अभ्यासाला होता, तोही सांगितला. जॉन वॅनस नावाच्या अमेरिकन संशोधकाने तो १९७३ साली प्रसिद्ध केला. टेलिफोन ऑपरेटरच्या उमेदवारांपैकी काहींना कंपनीची नेहमीची गोडगोड फिल्म दाखवली, काहींना कामातला कंटाळा आणि जाच यांसकट खरी फिल्म दाखवली. खरी फिल्म पाहिलेल्यांच्या कामाबद्दलच्या अपेक्षा वास्तवाला धरून राहिल्या, आणि नोकरी सोडायचे विचार त्यांच्या मनात कमी आले. नोकरी नाकारणारे मात्र त्यामुळे वाढले नाहीत. फिल्ममुळे सगळेच टिकतात असं मी म्हणत नाही, पुढच्या अभ्यासांत परिणाम माफकच दिसला आहे. पण मे महिन्यात चौथ्या दिवशी कुणी प्लॅन्ट सोडून गेला तर कंटेनर कोण भरणार, या प्रश्नाला नानांकडेही उत्तर नव्हतं. परिच्छेद राहिला.

एक बदल मात्र मी केला. 'फार तापते' हे मोघम होतं. लिहिलं : "बाहेर ४५ अंश असताना प्लॅन्टरूममध्ये त्याहून जास्त असतं. कूलर आणि पंखे आहेत, दर दोन तासांनी विश्रांती आहे."

२१ एप्रिल

जाहिरात कुठे द्यायची.

व्हॉट्सअ‍ॅप : रंगीत चित्र करायचं नाही. चित्रातली अक्षरं मोबाइलवर दिसत नाहीत आणि कुणाला त्यातून नंबर उचलता येत नाही. साधा मजकूर, पहिल्या ओळीत पद, ठिकाण, पगार. पुढे पाठवताना लोक पहिल्या दोनच ओळी वाचतात. शेवटची तारीख ठळक, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जाहिराती वर्षभर फिरत राहतात आणि मग लोकांचा त्यांच्यावरचा विश्वासच उडतो.

सुरत : उधना, लिंबायत या भागांत खानदेशी वस्ती मोठी आहे, गावागावांचे ग्रुप आहेत. आप्पांच्या मुलाने तिथे टाकायचं कबूल केलंय. ही मंडळी आखाजीला गावी येतील, म्हणून २५ तारखेच्या आत.

आयटीआय : भुसावळ, जळगाव, रावेर. नुसता कागद चिकटवायचा नाही, शिकवणाऱ्या निदेशकांना भेटायचं. पास होऊन चार-पाच वर्षं झालेली चांगली मुलं कुठे आहेत ते त्यांना नावानिशी आठवतं.

राष्ट्रीय करिअर सेवेचं पोर्टल आणि राज्याचं महास्वयंम : दोन्ही मोफत, टाकलं.

वर्तमानपत्र : छोटी जाहिरात, फक्त पद-ठिकाण-पगार आणि "पूर्ण माहितीसाठी या नंबरवर 'प्लॅन्ट' लिहून पाठवा". जागेचे पैसे लागतात, तिथे कथा नको.

सुपरवायझरची जाहिरात वेगळी, गावच्या बचतगटांकडे. तीही पगार आणि वेळेपासून सुरू होते.

२६ एप्रिल

फोन सुरू झाले. फोन मीच किंवा भाऊंनीच घ्यायचा, वॉचमनने नाही. माणूस पहिल्या फोनवर कंपनी जोखतो. उत्तरांचा कागद टेबलावर.

शिंदखेड्याकडचा एक जण सुरतहून बोलला, "ताई, हातमा बावीस येस ना? मंग बोलूत." जाहिरातीचा आकडा त्याने आधीच घरात मांडून पाहिला होता. पगार किती हे विचारणारे आता जवळजवळ नाहीतच. त्याऐवजी विचारतात, कंप्रेसर कुठल्या क्षमतेचा, कंडेन्सर कसला, पाणी बोअरचं का, शेवटचं ओव्हरहॉल कधी झालं. फोन गेल्या वेळेपेक्षा कमी आहेत. नानांना त्याची चिंता वाटते, मला नाही.

'दुरुस्त केलेला एक बिघाड' ही मागणी फार उपयोगी ठरतेय. बरेच जण लिहायला कचरतात, पण आवाजी निरोपात मोकळं बोलतात. एकाने तेल अडकून कॉइल थंड न होण्याची हकीकत इतकी नीट सांगितली की आप्पांनी ती हेल्परांना बसवून ऐकवली.

जामनेरकडच्या एकाने उलट निरोप पाठवला : रात्रपाळी जमणार नाही, घरी आई आजारी असते, स्पष्ट लिहिलंत म्हणून येणं-जाणं वाचलं. त्याला दिवसपाळीचं काम निघालं तर कळवू म्हणून नाव लिहून ठेवलं.

२ मे

आखाजी झाली. काल आणि आज गावी आलेल्यांना प्लॅन्ट पाहायला बोलावलं होतं, बायकोमुलांना घेऊन या असंही कळवलं होतं. काही जण खरंच घेऊन आले. दुपारी मुद्दाम प्लॅन्टरूममध्ये नेलं. कुणालाही व्हॉल्व्हला हात लावू दिला नाही, अमोनिया आहे.

७ मे

निवड. तोंडी प्रश्नांपेक्षा कामाचा नमुना पाहायचा हे आधीच ठरलं होतं. आप्पांनी लॉगबुकचं एक पान तयार केलं : हवेचं तापमान तेच, लोडही तेच, आणि डिस्चार्ज प्रेशर तासातासाला थोडं थोडं चढतंय. प्रत्येकाला तेच पान, तेवढाच वेळ, तेच तीन प्रश्न. काय झालंय, आधी काय कराल, प्लॅन्ट कधी बंद कराल? येण्याजाण्याचं भाडं सगळ्यांना दिलं.

शिंदखेड्याच्या माणसाने पानावर बोट ठेवून सांगितलं : सिस्टिममध्ये हवा शिरली असणार, आधी पर्ज करून बघेन, नाही उतरलं तर कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार, तुमचं पाणी बोअरचं म्हणालात ना. बंद कधी करणार, यावरही त्याचा आकडा आणि आप्पांचा आकडा जुळला. आयटीआय नाही, बर्फाच्या कारखान्यात शिकलेला. आयटीआयवाल्यांपैकी एक मुलगी होती, भुसावळची, हुशार. उत्तर बरोबर, पण मोठ्या प्लॅन्टचा उन्हाळा अजून पाहिलेला नाही. तिला सोडायचं नाही असं आप्पा आणि मी दोघांनीही म्हटलं. तिच्यासाठी अप्रेंटिसची जागा काढायचा प्रस्ताव नानांकडे दिला.

सुपरवायझरसाठी आमच्याच टेबलावर कित्येक हंगाम काम केलेल्या अक्का आल्या. दहावी पास आहेत हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. 'पदवीधर मुले' छापलं असतं तर त्या अर्ज करायचं मनातही आणत नव्हत्या, असं त्यांनीच सांगितलं. मिसळलेल्या फण्यांची टोपली समोर ठेवली तर डाग औषधाचा, घासल्याचा की थ्रिप्सचा (फुलकिड्यांचा) हे त्यांनी भाऊंच्या आधी सांगितलं. बॉक्सच्या हिशेबात जरा अडल्या. तो शिकवता येतो.

१४ मे

दोघांनाही पत्रं दिली. पत्रात पगार, पाळी, सुट्टी, विमा हे जाहिरातीत होतं तसंच, शब्द न बदलता. टेक्निशियन सध्याच्या ठिकाणी नोटीस देऊन १ जूनला येतोय, म्हणजे आप्पांसोबत पूर्ण महिना मिळेल. अक्का सोमवारपासून.

बाकी सगळ्यांना आज निरोप गेले. नुसतं 'निवड झाली नाही' असं नाही; नमुन्याला बसलेल्यांना काय चांगलं होतं आणि काय कमी पडलं ते एक-दोन ओळींत. सगळ्या ग्रुपमध्ये आणि दोन्ही पोर्टलवर 'जागा भरली' असं टाकलं, आयटीआयच्या बोर्डावरचा कागद काढायला सांगितलं.

हेल्परांचा वाढीव पगार एप्रिलपासूनच्या फरकासह जमा झाला, पावत्या पाहिल्या. अप्रेंटिसच्या जागेला नानांनी होकार दिला, नोंदणीचं काम भाऊंकडे.

पुढे : अकाउंटंटची जागा जुलैमध्ये रिकामी होतेय. नानांनी 'टॅली आवश्यक' एवढं लिहून पाठवलंय. महिनाअखेरीला सभासदांचे हिशेब आणि जीएसटी एकाच वेळी अंगावर येतात, तेव्हा ३० मे ला पूर्ण दिवस अकाउंटच्या टेबलाशी बसायचं आहे. दुसऱ्या कुठल्या कामाला तो दिवस देऊ नये.